ओपीजीवरून शरीरातल्या आजारांचा जबड्यावरचा परिणाम कसा अभ्यासावा: क्रमवार मार्गदर्शन

दरवर्षी कोणीतरी पदव्युत्तर विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन येतो. त्यात दोनशे-अडीचशे ओपीजी (दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारे एक्स-रे) असतात, बहुतेक जेपीजीमध्ये, काही तर व्हॉट्सॲपवरून आलेले. खालच्या जबड्याची जाडी मोजून झालेली असते, तक्ताही तयार असतो. मग प्रश्न येतो, ‘सर, यातून मधुमेहाचं काही काढता येईल का?’

इथेच क्रम उलटा झालेला असतो. मोजणी हे या कामातलं सगळ्यात सोपं टोक आहे. त्याआधीच्या गोष्टी राहिल्या, तर कितीही अचूक मोजलं तरी हातात काही उरत नाही. हा लेख त्या आधीच्या गोष्टींवर जास्त रेंगाळतो. पदव्युत्तर विद्यार्थी आणि दवाखान्यात बसून छोटा अभ्यास करू पाहणारे दंतवैद्य, दोघांसाठी तो लिहिला आहे. उदाहरणं गोव्यातली आहेत, कारण माझं काम इथलं आहे.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा, मगच संगणक उघडा

‘सार्वदेहिक आजारांचा जबड्यावर होणारा परिणाम’ हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणता आजार, कोणत्या वयाचे कोण लोक, जबड्यातली कोणती एक गोष्ट आणि तुलना कोणाशी. उदाहरणार्थ: पाळी जाऊन पाच वर्षं उलटलेल्या, डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या, तपासणीत टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असलेल्या स्त्रियांत खालच्या जबड्याच्या बाहेरच्या घट्ट थराची, म्हणजे कॉर्टेक्सची, जाडी त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा कमी आहे का?

आजार आणि मोजमाप यांची जोडी जुळवणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक आजार हाडाला वेगळ्या जागी धरतो.

हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, ऑस्टिओपोरोसिसमध्ये, खालच्या कडेचा कॉर्टेक्स आतून पोखरतो आणि पातळ होतो. इथे जाडी मोजणं योग्य.

टाइप २ मधुमेहात चित्र वेगळं. हाडाची घनता बहुधा सामान्य, कधी जरा जास्तच दिसते, तरीही हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे मधुमेहाचा परिणाम कॉर्टेक्सच्या जाडीत शोधायला गेलात आणि काही सापडलं नाही, तर ‘परिणाम नाही’ असं म्हणता येत नाही. तुम्ही चुकीच्या जागी पाहिलं एवढंच खरं. मधुमेहात आधी पाहायचं ते दातांभोवतीच्या हाडाची उंची, म्हणजे हिरड्यांच्या आजाराने झालेली झीज.

मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागतात. त्याच्या खुणा वेगळ्या: दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघ, लॅमिना ड्युरा, पुसट होते किंवा नाहीशी होते, हाडाची जाळी घासलेल्या काचेसारखी धूसर दिसते, कॉर्टेक्स पातळ होतो, क्वचित ब्राउन ट्युमर, म्हणजे हाड विरघळून झालेली गाठ, दिसते. थॅलेसेमियात, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजारात, हाडातली मज्जा फुगल्यामुळे मधल्या पोकळ्या रुंद होतात आणि खालची कड तरुण वयातच पातळ दिसते.

तपासून पाहा: तुमचं वाक्य शेजारच्या विभागातल्या फिजिशियनला वाचून दाखवा. त्यांना ते एका वाचनात कळलं नाही, तर पुन्हा लिहा.

## टप्पा २: परवानगी, संमती आणि किरणांचा हिशोब

केवळ अभ्यासासाठी कोणाचाही एक्स-रे काढायचा नाही. निरोगी तुलनागटाचा तर मुळीच नाही. अक्कलदाढ, इम्प्लांट, अनेक दात काढणं अशा कारणांनी ज्यांचा ओपीजी तसाही निघणार आहे, त्यांच्यातूनच तुमचे लोक निवडा. ओपीजीचा डोस थोडा असतो, साधारण १० ते ३० मायक्रोसीव्हर्टच्या आसपास, पण ‘थोडा’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे.

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी हवी. जुन्या नोंदींवरचा अभ्यास असेल तर संमती माफ होऊ शकते, पण ते ठरवणं समितीचं काम आहे, तुमचं नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं एकदा नीट वाचा; तिथे हे स्पष्ट आहे. खाजगी दवाखान्यात काम करत असाल तर यंत्राची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा, म्हणजे ऑनलाइन, नोंदणी आणि गुणवत्ता चाचणीचा अहवाल चालू मुदतीचा आहे ना, ते आधी पाहा.

संमतीपत्राच्या भाषेत गोव्यात हमखास चूक होते. इंग्रजी मजकूर करून त्याचं एकच मराठी भाषांतर जोडलं जातं. पेडणे, डिचोली, सत्तरीकडून आलेली माणसं मराठी वाचतात. सासष्टीतल्या अनेक वयस्क माणसांना रोमी लिपीतली कोंकणीच वाचता येते. दोन्ही लिप्यांत कोंकणी, शिवाय मराठी आणि इंग्रजी, असा संच ठेवा. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवणारा साक्षीदार हवा, नुसता अंगठा नको.

सावधान: ओपीजीच्या कोपऱ्यात छापलेलं नाव पुसलं म्हणजे ओळख गेली असं नाही. डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा मूळ फाइल-प्रकार) फाइलच्या आतल्या नोंदींत नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक तसेच असतात. तेही काढून सांकेतिक क्रमांक द्या, आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा.

## टप्पा ३: रुग्णाची माहिती, विशेषतः तुलनागटाची

बांबोळीला दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) जवळजवळ असल्याचा फायदा इथे घ्या. फिजिशियनची नोंद चालत जाऊन मिळते. तरीही ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नाला रुग्णाने दिलेल्या हो-नाहीवर कितीतरी अभ्यास उभे राहतात.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. याचा तुमच्या कामावर थेट परिणाम होतो. तुम्ही ‘निरोगी’ म्हणून घेतलेल्या माणसांत न कळलेला मधुमेह असण्याची शक्यता इथे मोठी आहे. म्हणून एचबीए१सी ही रक्ततपासणी दोन्ही गटांची करा. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे अहवाल ओपीजीच्या आसपासचाच असावा. वर्षभरापूर्वीचा चालणार नाही.

प्रत्येकाकडून काय विचारायचं? वय आणि लिंग तर आलंच. स्त्रियांत पाळी कधी गेली ते वर्ष, कारण हाडाची झीज पाळी गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्वात वेगाने होते. तंबाखू, मिश्री, बिडी-सिगारेट, दारू. हे विचारताना आवाजात न्यायाधीश नको, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. किती दात शिल्लक आहेत, कवळी किती वर्षं वापरतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांत क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉइड हार्मोन आणि डायलिसिस कधीपासून.

औषधांची यादी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड, फिट्ससाठीची फेनिटॉइन, स्तनाच्या कर्करोगानंतरच्या अरोमाटेज रोधक गोळ्या, हे सगळं हाड झिजवतं. उलट बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब (हाडाची झीज रोखणारी औषधं) चालू असेल तर हाडाचं रूपच बदलतं: लॅमिना ड्युरा जाड होते, काढलेल्या दाताचा खळगा महिनोन्‌महिने तसाच दिसतो. अशा माणसाला न विचारता गटात घेतलं, तर तुमच्या आकड्यांत औषधाचा परिणाम मिसळतो आणि तुम्ही त्याला आजाराचं नाव देता. ‘गोळ्यांची पिशवी घेऊन या’ असं आदल्या दिवशी फोनवर सांगा. तोंडी उत्तरात ‘प्रेशरची एक गोळी’ असते, पिशवीत सहा निघतात.

तपासून पाहा: वयाची जोडी जमली का? मधुमेही गट सरासरी अठ्ठावन्न वर्षांचा आणि अक्कलदाढेसाठी आलेला तुलनागट सत्तावीस वर्षांचा असेल, तर तुम्ही वयाचा परिणाम मोजत आहात. ही चूक सगळ्यात सामान्य आहे, कारण अक्कलदाढेचे ओपीजी सहज मिळतात.

## टप्पा ४: यंत्राचं मोठेपण आधी मोजा

ओपीजीतली प्रतिमा खऱ्यापेक्षा मोठी असते, बहुतेक यंत्रांत साधारण दहा ते तीस टक्के. हा आकडा यंत्रागणिक बदलतो. आडवं मोठेपण तर एकाच चित्रात जागेगणिक बदलतं, म्हणून आडव्या अंतरांवर निष्कर्ष उभे करू नका. उभं मोठेपण त्या मानाने भरवशाचं.

ते काढायची रीत सोपी आहे. ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी मेणाने सुक्या जबड्यावर किंवा फँटमवर (जबड्याच्या कृत्रिम नमुन्यावर) मेंटल फोरामेनजवळ (उपदाढांच्या मुळांखालचं, नस बाहेर पडण्याचं छिद्र), खालच्या कडेलगत चिकटवा आणि नेहमीच्या पद्धतीने ओपीजी काढा. चित्रात गोळीची उंची मोजा. समजा ती ६.२ मिलिमीटर आली. ६.२ भागिले ५ म्हणजे १.२४. हा तुमच्या यंत्राचा उभा गुणक.

आता फरक बघा. एका बाईंच्या चित्रात कॉर्टेक्स ३.७ मिलिमीटर दिसतो. ३ मिलिमीटरच्या खाली जाडी गेली तर हाडांची पुढची तपासणी करायला सांगावं, असा सर्वसाधारण प्रघात आहे. ३.७ पाहून तुम्ही निश्चिंत होता. पण ३.७ भागिले १.२४ म्हणजे २.९८. बाई सीमेच्या खाली आहेत.

उलटी चूकही होते, आणि ती पकडणं अवघड असतं. काही सॉफ्टवेअर मोठेपण आधीच वजा करून आकडा दाखवतात. दाखवलेला ३.४ हा खरा असताना तुम्ही तो पुन्हा १.२४ ने भागला तर २.७४ येतो, आणि धडधाकट हाड आजारी ठरतं. म्हणून गोळी सॉफ्टवेअरच्याच मोजपट्टीने मोजा. ती ५ दाखवत असेल तर सुधारणा झालेली आहे. पुन्हा करू नका.

आमच्या सुरुवातीच्या एका कामात दोन ठिकाणचे ओपीजी एकत्र केले गेले होते. मूत्रपिंडाचे रुग्ण एका यंत्रावरचे, तुलनागट दुसऱ्या. गटांतला फरक ठळक होता, आम्ही आनंदात होतो. गोळी लावून पाहिल्यावर कळलं, त्या फरकातला बराच भाग दोन यंत्रांच्या गुणकांतला होता. चार महिन्यांची मोजणी बाजूला ठेवावी लागली. तेव्हापासून नियम एकच: दोन्ही गट एकाच यंत्रावरचे, आणि ते शक्यच नसेल तर प्रत्येक यंत्राचा गुणक वेगळा.

सावधान: चित्र आपोआप धारदार करणारे फिल्टर बंद करा. ते कडा उठावदार करतात आणि कॉर्टेक्सची रेघ खऱ्यापेक्षा जाड दाखवतात.

## टप्पा ५: रुग्णाला उभं करणं

हा टप्पा तंत्रज्ञावर सोडून आपण आत बसतो, आणि अर्धी चित्रं इथे वाया जातात.

चष्मा, कानातली, नथ किंवा चमकी, केसांतल्या पिना, काढता येणारी कवळी, सगळं बाहेर. कानातल्यांची गंमत अशी की त्यांची भुताटकी प्रतिमा समोरच्या बाजूला, जरा वर आणि पुसट उमटते, त्यामुळे नेमकी कुठली छाया कशाची ते कळत नाही.

मंगळसूत्राचा प्रश्न वेगळा, आणि तो घाईने सोडवायचा नसतो. वाळपईकडच्या एक मावशी, साठीच्या, खुर्चीवरून उठल्या आणि तंत्रज्ञ मुलाने ‘गळ्यातलं काढा’ म्हटल्याबरोबर हात गळ्याशी नेऊन थांबल्या. ‘लग्नापासून काढलं नाही रे बाबा,’ एवढंच म्हणाल्या. मुलगा घड्याळाकडे बघत होता. सून पुढे झाली, ‘आई, मी काढते, तुमच्याच हातात ठेवते,’ म्हणाली, आणि स्वच्छ रुमालात गुंडाळून मावशींच्या मुठीत दिलं. मावशी मूठ छातीशी धरून उभ्या राहिल्या. तीच मूठ खाली, कमरेशी घ्यायला सांगितली की झालं. चित्र स्वच्छ आलं. मंगळसूत्र लांब असेल तर ते ब्लाउजच्या आत खाली सोडूनही भागतं. गळ्यालगतचं मात्र काढावंच लागतं. त्यासाठी दोन मिनिटं राखून ठेवा.

शिशाचा ॲप्रन मागच्या बाजूने मानेवर चढू देऊ नका. थायरॉइड कॉलर ओपीजीला लावत नाहीत. ती नेमकी आपल्याला हवी ती खालची कड झाकते.

मग पवित्रा. पुढचे दात चावण्याच्या खाचेत, मान सरळ आणि ताठ, डोक्याची मध्यरेषा प्रकाशरेषेवर, फ्रँकफर्ट पातळी (डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपासून कानाच्या भोकापर्यंतची रेषा) जमिनीला समांतर. जीभ टाळूला चिकटवून ठेवायला सांगा. ‘जीभ वर’ म्हटलं तर लोक जीभ बाहेर काढतात, म्हणून ‘आवंढा गिळा आणि जीभ तिथेच वर दाबून धरा’ असं सांगा. पंधरा-वीस सेकंद हलायचं नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांना डायलिसिसच्या दिवशी बोलावू नका. त्या दिवशी माणूस थकलेला असतो, तोल जातो, चित्र हलतं.

पान-सुपारीमुळे तोंड कमी उघडणाऱ्यांना खाच नीट चावता येत नाही. अशांसाठी हनुवटी टेकवण्याची पट्टी वापरा आणि नोंद करा.

## टप्पा ६: चित्र घ्यायचं की टाकायचं, हे मोजण्याआधी ठरवा

मोजणी झाल्यावर ‘हे चित्र जरा खराबच होतं’ म्हणून टाकणं म्हणजे नको असलेला आकडा टाकणं. म्हणून निकष आधी लिहून ठेवा आणि रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या व्यक्तीकडून छाननी करून घ्या.

हनुवटी फार खाली गेली असेल तर दातांची रांग जास्तच हसरी दिसते. फार वर असेल तर रांग सपाट होते किंवा उलटी वळते. दोन्हींत खालच्या कडेचं मोजमाप बिघडतं. माणूस फार पुढे उभा असेल तर पुढचे दात अरुंद आणि पुसट, फार मागे असेल तर रुंद. डोकं वळलेलं असेल तर एका बाजूची जबड्याची उभी शाखा दुसरीपेक्षा रुंद दिसते. कंठास्थीची (गळ्यातलं हायॉइड हाड) छाया खालच्या कडेवर पडली असेल तर त्या बाजूचं मोजमाप सोडा. मेंटल फोरामेन दोन्ही बाजूंना दिसत नसेल तर चित्र बाद.

फाइल डायकॉममध्येच साठवा. बाहेर काढायची झाली तर टिफ. जेपीजी दाब देऊन बारीक तपशील पुसतं, आणि पडद्याचा फोनने काढलेला फोटो तर मोजण्यासाठी निरुपयोगी.

## टप्पा ७: मोजणी, याच क्रमाने

आधी डोळ्याने वर्गवारी, मग पट्टी. उलट केलं तर ‘२.६ आली म्हणजे हा सी-३ (सगळ्यात बिघडलेला वर्ग) असणार’ असं मन आधीच ठरवतं.

७.१ कॉर्टेक्सचं रूप. क्लेमेट्टी वर्गवारी, म्हणजे कॉर्टेक्सचे सी-१ ते सी-३ असे तीन वर्ग, वापरा. मेंटल फोरामेनच्या मागे, दोन्ही बाजूंना, कॉर्टेक्सची आतली कड पाहा. कड सरळ आणि स्वच्छ असेल तर सी-१. कडेला अर्धचंद्रासारख्या खाचा किंवा आतल्या बाजूला एक ते तीन पापुद्रे सुटलेले असतील तर सी-२. पापुद्रे दाट आणि सगळा थर सच्छिद्र झालेला असेल तर सी-३. दोन बाजूंत फरक असेल तर काय करायचं (जास्त बिघडलेली बाजू धरायची की दोन्ही वेगळ्या नोंदवायच्या), ते आधीच ठरवा. सी-१ आणि सी-२ मध्येच मतभेद जास्त होतात. सुरुवातीला प्रत्येक वर्गाची पाच पाच नमुना चित्रं छापून टेबलावर लावा आणि रोज कामाला बसण्याआधी पाहा.

७.२ कॉर्टेक्सची जाडी. मेंटल फोरामेन शोधा. खालच्या कडेला स्पर्शरेषा काढा. फोरामेनच्या मध्यातून या रेषेला काटकोनात रेघ टाका. त्या रेघेवर कॉर्टेक्सची जाडी मोजा, तीनदा, सरासरी घ्या. झूम दर वेळी तोच ठेवा. दोन्ही बाजूंची सरासरी लिहा आणि टप्पा ४ मधला गुणक लावा.

इथे एक फसगत: खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या मुळाशी असलेला जंतुसंसर्गाचा काळा डाग फोरामेन समजला जातो. त्या मुळाभोवती लॅमिना ड्युरा अखंड असेल तर डाग फोरामेनचा. तुटलेली असेल तर थांबा आणि छोटी फिल्म (तोंडात ठेवून काढलेला एक-दोन दातांचा एक्स-रे) बघा. लॅमिना ड्युराच पुसट झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत ही खूण उपयोगी पडत नाही. तिथे दाताची जिवंतपणा चाचणी करा.

७.३ पॅनोरॅमिक मँडिब्युलर इंडेक्स. कॉर्टेक्सची जाडी भागिले फोरामेनच्या खालच्या कडेपासून जबड्याच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. जाडी ३.६ आणि अंतर ११.२ असेल तर ०.३२. साधारणपणे ०.३ च्या खाली गेला की कॉर्टेक्स पातळ मानतात. हे गुणोत्तर असल्यामुळे मोठेपण दोन्हीकडून जातं, गुणक लावायचा नसतो. वेगवेगळ्या यंत्रांवरची चित्रं वापरावीच लागली तर हाच आकडा पुढे ठेवा.

७.४ दातांभोवतीचं हाड. यासाठी ओपीजीवर भिस्त ठेवू नका. दाताच्या मानेपासून हाडाच्या कडेपर्यंतचं अंतर निरोगी माणसात १ ते २ मिलिमीटर असतं. इतका बारीक फरक ओपीजीत नीट पकडता येत नाही. छोट्या फिल्म किंवा बाइटविंग (फिल्म चावून धरून काढलेले एक्स-रे) हव्यात.

७.५ फ्रॅक्टल मोजमाप, हवं असेल तरच. हाडाच्या जाळीची गुंतागुंत एका आकड्यात सांगणारी ही पद्धत मोफत मिळणाऱ्या इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये करता येते. हाडाचा चौकोन मुळं, नलिका आणि कॉर्टेक्स यांपासून दूर निवडा. आकार सगळ्या चित्रांत एकच. मग हा क्रम: चौकोनाची प्रत काढा, तिला ३५ सिग्माचा गॉशियन ब्लर द्या, मूळ चित्रातून ती वजा करा, १२८ मिळवा, १२८ वर काळं-पांढरं करा, इरोड, डायलेट, इन्व्हर्ट, स्केलेटनाइझ, आणि शेवटी बॉक्स काउंट. एक पायरी चुकली किंवा दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली तरी आकडा येतोच, तोही दिसायला बरोबर. म्हणून मॅक्रो लिहून तोच सगळ्यांना चालवा, हाताने करू नका. माझं प्रामाणिक मत असं की विद्यार्थ्याने पहिल्या अभ्यासात याच्या मागे लागू नये. ठिसूळ हाडात हा आकडा वाढतो की घटतो यावरच अभ्यासांचं एकमत नाही.

सावधान: सीबीसीटीतल्या (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करड्या छटांना हाउन्सफील्ड आकडे (सीटी स्कॅनमधलं घनतेचं माप) म्हणू नका. त्या यंत्र, जागा आणि सेटिंगप्रमाणे बदलतात. त्यावरून हाडाची घनता सांगणं चूक आहे. आणि केवळ अभ्यासासाठी सीबीसीटी काढायची नाही, तिचा डोस ओपीजीहून बराच जास्त असू शकतो.

## टप्पा ८: मोजणाऱ्याची मोजणी

मोजणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे कळता कामा नये. फाइलच्या नावात ‘डीएम०४’ (मधुमेह) किंवा ‘सीकेडी११’ (मूत्रपिंडाचा आजार) लिहिलं की आंधळेपणा संपला.

दोन जण स्वतंत्रपणे मोजा. दोन आठवड्यांनी एक पंचमांश चित्रं क्रम बदलून पुन्हा मोजा. दोन मोजण्या किती जुळतात हे पाहण्यासाठी वर्गवारीला वेटेड कप्पा, जाडीला इंट्राक्लास कोरिलेशन काढा. आणि हे सगळं मुख्य मोजणीच्या आधी वीस चित्रांवर करून पाहा. तिथेच जमलं नाही तर नमुना चित्रांकडे परत जा.

विश्लेषणात एकक माणूस आहे, जबड्याची बाजू नव्हे. साठ माणसांच्या दोन-दोन बाजू मोजून ‘नमुना एकशे वीस’ असं लिहिणं ही चूक परीक्षक लगेच पकडतात. वय आणि लिंग, शक्य तर दातांची संख्या आणि तंबाखू, हे गणितात धरूनच आजाराचा परिणाम काढा.

## टप्पा ९: अर्थ लावताना

ओपीजी आजार सांगत नाही, संशय सांगतं. सी-३ आणि २.८ मिलिमीटर जाडी असलेल्या बाईंना ऑस्टिओपोरोसिस आहे असं लिहू नका. डेक्सा करून घ्यावी असं लिहा. चाळिशीच्या आतल्या माणसात इतका पातळ कॉर्टेक्स दिसला तर हाडं ठिसूळ झाली असं गृहीत धरण्याआधी रक्ताचा आजार, मूत्रपिंड आणि औषधं तपासा. फक्त एकाच बाजूला बदल असेल तर शरीराच्या आजाराकडे वळण्याआधी तिथलाच संसर्ग, गाठ किंवा फायब्रस डिस्प्लेसिया (हाडाच्या जागी तंतुमय ऊती वाढणं) विचारात घ्या, कारण सार्वदेहिक आजार सहसा दोन्ही बाजूंना दिसतो.

कधी मानेच्या जागी, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास, लहान पांढरे ठिपके दिसतात. ते कंठास्थीचे किंवा कूर्चेचे असतील. मानेतल्या धमनीत साचलेल्या कॅल्शियमचेही असू शकतात. तुमच्या प्रश्नात ते नव्हतं म्हणून सोडून देऊ नका.

## टप्पा १०: रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरला कळवा

नीतिशास्त्र समितीच्या अर्जातच हा टप्पा लिहा: काही अनपेक्षित दिसलं तर कोण, किती दिवसांत, कोणत्या भाषेत कळवणार. सांकेतिक क्रमांक उलगडून नाव काढण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या.

चिठ्ठी छोटी असावी. फिजिशियनला ‘क्लेमेट्टी सी-३’ म्हणजे काय ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. मी साधारण असं लिहितो: ‘आपल्या रुग्णाच्या दातांसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये खालच्या जबड्याचा बाहेरचा थर अपेक्षेपेक्षा पातळ दिसतो (२.८ मिमी). पाळी जाऊन आठ वर्षं, सांधेदुखीसाठी स्टेरॉइड तीन वर्षं. हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, हे आपण पाहावं ही विनंती. औषध सुरू करायचं ठरलं तर कृपया त्याआधी कळवा. काढायचे दात आम्ही आधी काढून घेऊ.’

शेवटचं वाक्य गाळू नका. बिस्फॉस्फोनेट सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड न भरता उघडं राहण्याचा धोका असतो. ज्या दोन दातांसाठी त्या बाई मुळात तुमच्याकडे आल्या होत्या, ते औषधाआधी काढून खळगे भरून आलेले हवेत.